तहसीलसमोर तिरडी, मंत्र्याला काळे झेंडे, तलाठ्याच्या तोंडाला काळं: यातलं आंदोलन कोणतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीतून तुमच्या गावातल्या ४३ शेतकऱ्यांची नावं गळाली आहेत. दोन निवेदनं दिली, उत्तर नाही. गावातल्या पोरांनी आता तीन गोष्टी मनावर घेतल्यात: तहसीलदारांच्या पुतळ्याची तिरडी काढून तहसीलसमोर दहन करायचं, पालकमंत्र्यांच्या दौऱ्यात काळे झेंडे दाखवायचे आणि तेवढ्यानं भागलं नाही तर तलाठ्याच्या तोंडाला काळं फासायचं. जाणती माणसं याला गुंडगिरी म्हणतात. पोरं म्हणतात, सरळ बोललेलं कुणी ऐकत नाही. मुद्दाम डिवचायला केलेलं कृत्य न्याय्य आंदोलन ठरतं का, हे तुम्हाला हवंय.

उत्तर आधी सांगतो. तिरडी आणि झेंडे नीट केले तर न्याय्य आहेत. तलाठ्याला काळं फासणं कोणत्याही हिशेबात बसत नाही. तिन्ही गोष्टी एका दावणीला बांधल्यामुळे तुमच्या गावात वाद पेटलाय, म्हणून त्या आधी सोडवून घेऊ.

डिवचणं म्हणजे आपोआप गैर, हा जाणत्या माणसांचा मुद्दा मला मान्य नाही. निवेदनावर शिक्का पडतो, आवक रजिस्टरला नोंद होते, कागद फायलीत जातो. त्या फायलीवरची धूळ उडवायची तर कुणाला तरी बोचलं पाहिजे. आपल्या मराठवाड्याचा इतिहासच डिवचण्याचा आहे. १५ ऑगस्ट १९४७ ला निजामाच्या राज्यात स्वामी रामानंद तीर्थांनी तिरंगा फडकवला तो राजवटीला डिवचण्यासाठीच, आणि अटक होणार हे ठाऊक असताना.

या विषयात मला सगळ्यात जास्त शिकवतं ते महाड. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्येच झाला होता आणि त्यानुसार महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलेलं होतं. म्हणजे कृत्य कायदेशीर, तरी गावातले लोक चिडले आणि परिषदेला आलेल्यांना मारहाण झाली. पुढे डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेआधी दिवाणी कोर्टानं तळ्यावर जायला तात्पुरती मनाई केली. तेव्हा काय झालं ते बारकाईनं बघा. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाहीरपणे जाळली गेली. त्या काळात याहून जास्त डिवचणारं कृत्य सुचणं कठीण. पण तळ्याबाबतचा मनाई हुकूम मात्र पाळला गेला, पाण्याला हात लागला नाही. तळ्याचा दावा १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. एकाच परिषदेत एवढं जहाल प्रतीक आणि एवढा संयम. कुणाच्या अंगाला हात लागला नाही, कुणाची वस्तू हिसकावली नाही, जाळलं ते पुस्तक आपल्याजवळचं होतं.

यातून निघणारी पहिली गोष्ट अशी की समोरचा भडकला म्हणून आपलं कृत्य चुकीचं ठरत नाही. मराठवाड्यात हे वेगळं सांगायची गरज पडू नये. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर गावोगाव दलित वस्त्या जाळल्या गेल्या. जाळणारेही ‘आम्हाला डिवचलं’ असंच म्हणत होते. मागणी होती एका नावाची. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. भडकणाऱ्याच्या रागावर न्याय्यता मोजायला लागलो तर ज्याच्या हातात जास्त काठ्या, त्याच्याच भावनांना जास्त किंमत येईल.

कायदासुद्धा असाच विचार करतो. भारतीय न्याय संहितेचं कलम १९२ दंगल व्हावी म्हणून चिथावणी देण्याबद्दल आहे (जुन्या भारतीय दंड संहितेत ते १५३ होतं). ते लागू व्हायला चिथावणी मुळात बेकायदेशीर कृत्यातून दिलेली असावी लागते. कायदेशीर गोष्ट केली आणि कुणी चिडलं, तर हे कलम बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं एस. रंगराजन खटल्यात १९८९ मध्ये हेच तत्त्व मांडलं: विरोधक हिंसेची धमकी देतात म्हणून बोलणाऱ्याचं तोंड बंद करता येत नाही. मात्र बोलणं आणि गडबड यांचा संबंध दारूगोळ्याच्या कोठारात ठिणगी पडावी इतका थेट असेल तर गोष्ट वेगळी.

मग मी कृत्य कशावर तोलतो? पहिलं, त्याची किंमत कोण मोजतं. आपलं अंग, आपला माल, आपला दिवस, आपली अटक पणाला लागत असेल तर अधिकार आपला. दुसऱ्याचं अंग किंवा तिसऱ्याचं काम पणाला लागत असेल तर नाही. दुसरं, फोटोत मागणी दिसते का. २०१७ मध्ये तमिळनाडूचे शेतकरी दिल्लीत जंतरमंतरवर कवट्या घेऊन बसले होते. या कवट्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या आहेत असं ते सांगत होते. बघणाऱ्याला अंगावर काटा यायचा आणि मागणी त्या कवटीतच दिसायची. पुढे त्यांनी तोंडात उंदीर धरले तेव्हा फोटो जास्त फिरला, पण दुष्काळ मदत आणि कर्जमाफी मागे पडून चर्चा उंदराची झाली, असं माझं मत आहे. तिसरं, नेम बरोबर आहे का. ज्याच्या सहीनं निर्णय बदलतो त्याला डिवचायचं. हाताशी सापडतो त्याला नव्हे.

आता तलाठ्याकडे येऊ. तिसऱ्या कसोटीवर तो आधीच सुटतो. नाव पंचनाम्यातच नाही, की यादीत आहे पण व्हीके नंबर (अनुदानाच्या ई-केवायसीसाठी मिळणारा विशिष्ट क्रमांक) आला नाही, की ई-केवायसी अडकली, की आधार आणि बँक खात्याचा मेळ बसला नाही, ही चार वेगळी दुखणी आहेत आणि चारही एकट्या तलाठ्याच्या हातातली नसतात. ४३ पैकी कोण कुठं अडकलंय हे आधी काढा. माहिती अधिकारात अर्ज टाका, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. तोवर आपले सरकार केंद्रावर प्रत्येकाची सद्यस्थिती काढून तिची छापील प्रत ठेवा. याला दोन-तीन दिवस जातील, पण नेम कुणावर धरायचा ते यानंतरच कळेल.

काळं फासण्यातून खटले किती उभे राहतात तेही ऐका. शासकीय कामात अडथळा म्हणून जे कलम सगळ्यांच्या तोंडी ‘तीनशे त्रेपन्न’ आहे, ते आता न्याय संहितेचं १३२ आहे. दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि अजामीनपात्र. अपमान करण्याच्या हेतूनं बळ वापरणं हे १३३. शाई, वंगण किंवा ऑइलपेंट डोळ्यात गेला तर लोकसेवकाला दुखापत, कलम १२१. डिसेंबर २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडला मंत्र्यावर शाई फेकणाऱ्यांवर आधी थेट खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ लावलं होतं. ते नंतर वगळलं, पण मधले दिवस कोठडीत गेले. आणि ज्याच्या तोंडाला काळं लावलं तो कर्मचारी अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल, लावणारा नसेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३ येतं. तोंड किंवा अंग रंगवणं हे त्यात शब्दशः लिहिलेलं आहे आणि कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाची वाट बंद होते. ‘आम्हाला त्याची जात बघायची नव्हती’ हे पोरं मनापासून म्हणतील, पण त्याचा उपयोग सुनावणीत. अटक त्याआधी होते.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू. तलाठ्याला काळं फासलं की दुसऱ्या दिवशी तलाठी संघटना लेखणी बंद करते. सातबारा, फेरफार, उत्पन्नाचे दाखले, सगळं ठप्प. तालुक्यातला दुसऱ्या गावचा शेतकरी पीककर्जाचे कागद घेऊन हेलपाटे घालतो आणि शिव्या तुमच्या गावाला देतो. बातमीचा मथळा ‘कर्मचाऱ्यावर हल्ला’ होतो, ४३ नावं आतल्या पानावरही राहत नाहीत. कर्मचारीही कुणाच्या तरी घरचा माणूस आहे आणि तोंड काळं करणं म्हणजे त्याच्या लेकराबाळांसमोर त्याला गावाबाहेर काढण्यासारखं आहे. आपल्याकडे ही शिक्षा कुणाला दिली जायची ते आठवा आणि मग ठरवा.

तिरडी आणि पुतळादहन वेगळं आहे, कारण कडबा जळतो, माणूस नाही. पण यातही चुका ठरलेल्या आहेत. पहिली चूक, फक्त जमावबंदी आहे का एवढंच बघणं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) ची जमावबंदी सगळ्यांना माहीत असते. ३७(१) चा आदेश फारसा कुणी वाचत नाही, आणि त्यात काठ्या बाळगणं, दगड जमवणं, घोषणा देणं यांच्यासोबत प्रेतं आणि पुतळे यांचं प्रदर्शनही नावानिशी असतं. सण, निवडणुका, मोठे दौरे यांच्या तोंडावर जिल्ह्यात असे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आणि पोलीस ठाण्याच्या फलकावर ते असतात. तारीख वाचा. आदेश चालू असेल तर पुतळा आठवडाभर पुढं ढकला. नाही तर कलम १३५ खाली गुन्हा नोंदला जाईल आणि बचावाला फारशी जागा उरणार नाही.

दुसरी चूक पेट्रोलची. पुतळा पोलीस हिसकावतात, ओढाताण होते, पेट्रोल सांडलेलं असतं, कुणाच्या तरी टेरिकॉटच्या शर्टाला धग लागते. पुतळा तीन फुटांहून मोठा करू नका. वाळला कडबा, वर्तमानपत्र आणि जुनं सुती धोतर पुरतं, पेट्रोल किंवा डिझेल लागत नाही. जवळ दोनच माणसं, सुती कपड्यांत. बाकीचे पंधरा फूट लांब. पाण्याची एक बादली आणि एक ओलं पोतं हाताशी. आणि हे सगळ्यांना चारदा सांगा: पोलिसांनी पुतळा धरला की सोडून द्यायचा. पुतळादहनाच्या प्रकरणांत १३२ लागतं ते दहनामुळे नाही, या ओढाताणीमुळे. पुतळा हिसकावल्याचा फोटोही तुमच्याच बाजूचा असतो.

तिरडी पदाची काढा, माणसाच्या घरादाराची नको. पुतळ्यावर फलक ‘अतिवृष्टी अनुदान यादी’ असा असला तर उत्तम, फार तर ‘तहसीलदार, अमुक तालुका’. जातीची खूण ठरेल असा पोशाख, टोपी, टिळा काही नको. मंत्रांचं विडंबन, पिंडदानाची नक्कल, कुणाच्याही अंत्यविधीची थट्टा नको. तुमचं भांडण अनुदानाशी आहे, त्यात एखाद्या समाजाच्या भावना ओढल्यात तर न्याय संहितेचं कलम २९९ किंवा ३०२ (धार्मिक भावना दुखावण्याची कलमं) दारात आणि गावातली निम्मी साथ गेली. तिरडीवर जिवंत माणूस झोपवायची हौस असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात ती सोडा.

काळे झेंडे यातलं सगळ्यात सोपं. काळा झेंडा दाखवणं हे मत मांडणं आहे. केरळ उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला बदनामी मानायला नकार दिला. हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नसला तरी युक्तिवादाला उपयोगी आहे. घोळ होतो तो झेंड्याच्या दांड्यानं. ३७(१) चालू असताना दांडा म्हणजे काठी. कापड हातात धरा किंवा दंडावर काळी फीत बांधा. रस्त्याच्या कडेला उभं राहा, ताफ्यापुढे उडी नको. वेगातल्या गाडीपुढे माणूस मरतो. दौऱ्याच्या आदल्या रात्री नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस (गुन्हा करू नका अशी पोलिसांची आगाऊ ताकीद) येईल. ती घ्या, तारीख-वेळ टाकून सही करा. सकाळी १७० खाली स्थानबद्ध केलं तर तसं चोवीस तासांपुढे ठेवता येत नाही. सगळे एकदम उचलले जाऊ नयेत म्हणून झेंडेवाले एकाच वाड्यात झोपवू नका आणि स्थानबद्ध झाल्याची वेळ बाहेरच्यानं लिहून ठेवावी.

तुम्ही विचारलं नाही, पण पोरांच्या तोंडी हे येतंच, म्हणून लिहितो. अंगावर डिझेल ओतणं, औषधाची बाटली घेऊन तहसीलला जाणं, टाकीवर चढणं, जलसमाधी. किंमत आपल्याच अंगावर पडते म्हणून हे न्याय्य, असा माझ्या पहिल्या कसोटीचा अर्थ कुणी काढू नये. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. २३ जुलै २०१८ ला कायगाव टोका इथं जलसमाधी आंदोलनात एका तरुणाचा गोदावरीत जीव गेला, तो परत आला नाही. लोकसेवकाला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न हा न्याय संहितेच्या २२६ खाली आता स्वतंत्र गुन्हाही आहे. ज्या भागात घरोघर शेतकऱ्याच्या मरणाची सल आहे, तिथं मरणाची धमकी हे हत्यार करू नका. गर्दीतला एखादा खरंच खचलेला असतो आणि तो ती धमकी खरी मानतो. असा कुणी दिसला तर त्याला आंदोलनातून बाजूला घ्या, एकटं सोडू नका.

तयारीबद्दल. अर्ज किमान आठ दिवस आधी, पोलीस ठाणे आणि तहसील दोन्हीकडे, शिक्का-सहीची पोच घेऊन. तारीख, सुरू व्हायची आणि संपायची वेळ, जागा, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांचे नंबर. स्पीकरची परवानगी वेगळी. प्रतीकात्मक तिरडी काढणार हे अर्जात लिहावं का, यावर कार्यकर्त्यांत दोन मतं आहेत. गुप्त ठेवलं तर कॅमेऱ्याला जास्त मिळतं हे खरं. तरी माझं मत लिहावं असंच. पोलीस गडबडले की काठी लवकर उठते आणि लिहिलेलं असलं की पुढे कोर्टात तुमचा हेतू लपवलेला नव्हता हे दाखवता येतं.

परवानगी नाकारली तर नकार लेखी मागा. जानेवारी २०२० मध्ये माजलगावच्या ईदगाह मैदानावरच्या धरण्याला ३७ च्या आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं १३ फेब्रुवारी २०२० ला तो आदेश रद्द केला आणि एका कायद्याला शांततेनं विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. आपल्याच बीड जिल्ह्यातला निकाल आहे, वकिलाकडे प्रत असू द्या. उलट बाजूही आहे. शाहीन बाग प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असं म्हटलं. म्हणून बसायची जागा तहसीलच्या आवारातली धरा, राज्य महामार्ग नको.

दर दहा-बारा माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडावर पट्टी. पोलिसांशी बोलणारा एकच. एका माणसानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबवता व्हिडिओ घ्यायचा. खिसे आणि पिशव्या आधीच तपासा, कारण न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे बेकायदेशीर जमावाचा उद्देश समान धरला की एकाच्या खिशातली शाई सगळ्यांच्या नावावर चढते. पांगण्याचा आदेश मिळाल्यावर थांबणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यामुळे आदेश आला की घोषणा देत, पण निघायचं. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर उसळलेल्या प्रकारात जी धरपकड झाली, तीत अटक झालेला एक तरुण न्यायालयीन कोठडीत दगावला. एकदा दगड सुटला की कुणाला उचललं जाईल हे आपल्या हातात राहत नाही.

पोलीस भरती, सैन्य किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्या पोरांना पुढच्या रांगेत उभं करू नका. चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हा सांगावा लागतो, लपवला तर जास्त नडतो. शासन आंदोलनांचे खटले अधूनमधून मागे घेतं, पण जीवितहानी नसावी आणि नुकसान ५ लाखांपेक्षा जास्त नसावं अशा अटी २०२२ च्या निर्णयात होत्या, आणि त्यालाही वर्षं लागतात.

काही गोष्टी तुमच्या गावावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. जवळ सण आहे का, आचारसंहिता आहे का, गावात आधीच दोन समाजांत ताण आहे का, तहसीलदार नवे आहेत की दोन निवेदनं दाबून बसलेले. ताण असेल तर तिरडीसुद्धा सध्या नको. आणि भिजून काळं पडलेलं सोयाबीन तहसीलच्या दारात ओतावं असं कुणी सुचवलं तर ते चालेल. माल तुमचा आहे आणि तो स्वतः बोलतो. फक्त पायऱ्यांच्या खाली ओता, चार फूट वाट मोकळी ठेवा, आत संगणक आणि दप्तराजवळ एक दाणा जाऊ देऊ नका आणि संध्याकाळी पोत्यात भरून परत न्या.

मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या दिवशी तिरडीही काढली नसती. ४३ शेतकरी पायऱ्यांसमोर बसवले असते, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा फलक: नाव, गट नंबर, किती एकर पाण्याखाली गेलं, पंचनाम्याची तारीख, आणि व्हीके नंबरच्या जागी रिकामी चौकट. दर तासाला हलगी वाजवून ४३ नावं मोठ्यानं वाचायची. साहेब जागेवर नसतील तर पाच जणांनी कार्यालयीन वेळेत आत जाऊन रिकाम्या खुर्चीला हार घालायचा, यादी टेबलावर ठेवायची, कशालाही हात न लावता बाहेर यायचं. दार लावायचं नाही, टाळं तर मुळीच नाही, आत माणूस असताना टाळं लावणं म्हणजे कोंडून ठेवणं. हे तिरडीपेक्षा जास्त बोचतं, कारण यातलं एकही अक्षर खोटं ठरवता येत नाही. फलक आदल्या रात्री शाळेतल्या पोरींकडून मोठ्या अक्षरात लिहून घ्या, वीस फुटांवरून वाचता आले पाहिजेत. आधार आणि बँक खात्याचे नंबर मात्र फलकावर लिहू नका, फोटो कुठं कुठं जातील सांगता येत नाही.